कालव्यातून निघालेली गम्मत

रायपूर

शोभाताईचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरड्या वाळत घालत होते.

"नंदे, पेटी वाजवणं चालू आहे ना तुझं?"

"भीमजयंतीले वाजवली ना आत्ताच. काहून?"

"मंग पेटी घे अन् धमतरीले ये. आमचा पेटीवाला पोरीच्या लग्नात अडकला. आठ-दहा दिवसांचं काम आहे. नावेतून जायचं आहे."

"नावेतून? कोन्त्या नदीतून?"

"नदी नाही वं. नहरातून."

शोभाताई माझी मावसबहीण. आमच्या दोघींचे वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीवर इकडे आले आणि इकडचेच झाले. मी सरकारी कचेरीत टंकलेखनापासून सुरुवात करून रिटायर झाले, ती शंकर नगरातल्या एका शाळेतून. रिटायर झाल्यावर मी कुरड्या घालते, ती नाटकं करते. एवढाच आमच्यात फरक, असं ती म्हणते.

ती करते ते नाटक म्हणजे छत्तीसगडचा नाचा. त्यातल्या छोट्या नाटुकल्याला इकडे 'गम्मत' म्हणतात. आपल्याकडे गंमत ही होते किंवा वाटते. इथे गम्मत उभी करतात, बघायला जातात, आणि ती बरी झाली की वाईट यावर घरी येऊन भांडतात. आपल्या तमाशात जसा नाच्या, तसा इथे साडी नेसून नाचणारा पुरुष असतो, त्याला 'परी' म्हणतात. हसवणारा तो 'जोक्कड'. पिढ्यान् पिढ्या बायकांची कामं पुरुषच करत आले. शोभाताईच्या मंडळीत मात्र परीचं काम खरोखरची बाई करते, आणि या प्रवासातली सगळी हकिकत तिच्याभोवतीच फिरते.

नावेचं कारण ताईनं फोनवरच सांगितलं. उन्हाळ्यात गावांचे तलाव आटतात, तेव्हा गंगरेलच्या धरणातून कालव्यात पाणी सोडतात. शेतीसाठी नव्हे, आंघोळ, धुणं, गुरंढोरं यांच्यासाठी. त्याला इथे 'निस्तारी पानी' म्हणतात. ज्या दिवशी गावात पाणी पोचतं त्या दिवशी सगळं गाव तलावावर असतं आणि कोणाचाही मूड खराब नसतो. "मंग त्याच दिवशी आपणही पोचायचं," ताई म्हणाली. "पाण्यासंगंच जायचं."

घरी सांगितल्यावर मुलगी हातातला मोबाइल बाजूला ठेवून म्हणाली, "मम्मी, आपको तैरना आता है?"

"नाही येत. पेटीलेही नाही येत."

ती हसली नाही. आमच्या समता कॉलोनीतल्या घरात मी मराठीत बोलते आणि मला उत्तर हिंदीत मिळतं, त्यामुळे माझे निम्मे विनोद वाटेतच सांडतात.

त्या परीला, रमशीलेला, मी घेऊन यायचं होतं. ती सदर बाजारात एका साडीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत फॉल-पिको करते. स्कूटरींच्या गर्दीतून वाट काढत मी तिथे पोचले, तर पंचविशीतली एक सावळी, उंच मुलगी पायात चप्पल घालून तयारच उभी होती. एका पिशवीत घुंगरू, दुसरीत कपडे. माझी पेटी तिनं न विचारता खांद्यावर घेतली.

"दीदी, आपने कभी नाचा में बजाया है?"

"नाही. मी भीमगीतं वाजवते. बुद्धविहारात."

"ताल तो ताल है," ती म्हणाली, आणि बसस्टँडकडे झपाझप चालू लागली.

बसमध्ये तिनं आपलं सांगितलं. तिचे वडील बिसाहू हे एकेकाळी नामांकित परी होते. पितळेची लोटी डोक्यावर ठेवून नाचायचे, ती हलायची नाही. आता गुडघे गेले. लहानपणी ती त्यांच्या मागे उभी राहून सगळं शिकली, पण स्वतः मंचावर जायचं म्हणाली तेव्हा त्यांनी साफ नाही म्हटलं. ती रायपूरला आली, शोभाताईकडे गेली, आणि तेव्हापासून वडील तिच्याशी बोलत नाहीत. आई फोन करते.

"गाव कुठलं तुझं?" मी विचारलं.

"नहर का आखिरी गाँव. टेल." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वहाँ भी खेल है हमारा."

कालव्यावर

धमतरीजवळच्या रुद्रीच्या पुढे, बाभळींच्या सावलीत नाव बांधलेली होती. खरं म्हणजे दोन नावा. मासेमारीचे दोन लांबट डोंगे बाजूबाजूला ठेवून बांबूंनी जखडलेले, वर फळ्या, फळ्यांवर ताडपत्रीचं छप्पर. ही करामत मंगलभैयाची. तो जातीनं केवट, म्हणजे नावाडी, आणि मंडळीचा ढोलकवाला. दिवसा बांबूनं नाव ढकलायची, संध्याकाळी ढोलक वाजवायचा. पाचवा माणूस फागू, जोक्कड. चेहरा इतका गंभीर की मला वाटलं हे कोणी तरी पाटबंधाऱ्याचे साहेब असावेत. तो बोलू लागला आणि मी पहिल्याच वाक्याला इतकी हसले की नाव हलली.

कालव्यातून जाण्याचा वेग माणसाच्या चालण्याएवढा. पाणी ज्या चालीनं जाईल त्या चालीनं आपण. काठावरून जाणारी म्हातारी आपल्याशी गप्पा मारत बरोबर चालू शकते. एक तर आपल्या नातवाच्या लग्नाची सगळी कथा संपेपर्यंत चालली आणि मग परत फिरली. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे वाळलेले बुडखे, मध्येच कुठेतरी उन्हाळी धानाचा डोळ्यांत भरणारा हिरवा तुकडा. मोहाची फुलं वेचायचे दिवस होते. अंगणांत, रस्त्यांवर, पुलांच्या कठड्यांवर मोह वाळत घातलेला, आणि त्याचा गोड, जड वास पाण्यावरून येत राहायचा. दुपारी त्या वासानंच गुंगी यायची.

पूल आले की सगळ्यांनी आडवं व्हायचं. मंगलभैया ओरडायचा, "पुलिया!" आणि आम्ही फळ्यांवर पाठीवर पडायचो; पुलाखालची कोळिष्टकं नाकाला लागतील एवढ्यावरून जायची. दुसऱ्या पुलाला मी घाईत आडवी झाले, आणि उठले तेव्हा चष्मा नव्हता. तो कालव्यात गेला. ताईनं आपला जुना चष्मा दिला. त्यातून पेटीच्या पट्ट्या वाकड्या दिसत होत्या. मग मी डोळे मिटूनच वाजवायला लागले. फागू लोकांना सांगायचा की रायपूरहून मोठ्या सिद्ध बाई आल्यात, त्या डोळे उघडत नाहीत.

जेवण म्हणजे बासी. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा, सकाळी मीठ घालून त्या पाण्यासकट खायचा, तोंडी लावायला कांदा, हिरवी मिरची आणि मिळाली तर चेंच नावाची पालेभाजी. इतकी वर्षं रायपुरात राहून मी बासी कधी मनापासून खाल्ली नव्हती. आमच्या घरी शिळा भात म्हणजे उरलेला भात. त्याला मोहरी-हळदीची फोडणी देऊन तो शिळा असल्याचं लपवायचं. इथे तो मुद्दाम जास्त शिजवतात, सकाळी हवा म्हणून. पहिल्या दिवशी मी दोन घास खाल्ले, तिसऱ्या दिवशी फागूच्या वाडग्याकडे बघायला लागले.

खेळाची मांडणी मला फार आवडली. नाव कालव्याच्या पलीकडच्या काठाला बांधायची. लोक अलीकडच्या उतारावर बसायचे, जणू पायऱ्यापायऱ्यांचं थिएटर. मध्ये पाणी. दिवस मावळायला लागला की दोन दिवे लावायचे, आणि ते दिवे, रमशीलेची लाल साडी, सगळं पाण्यात उलटं दिसायचं. बायका आधी तलावावर आंघोळी करून ओल्या केसांनी येऊन बसायच्या. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला.

पहिल्याच गावात मला कळलं की रमशीलेचं काम नुसतं नाचण्याचं नाही. ती डोक्यावर घागर घेऊन ठुमकत पुढे आली, तशी मागून कोणी तरी लांब शिटी मारली आणि काहीतरी बोललं. काय ते मला ऐकू आलं नाही, पण आजूबाजूचे पुरुष हसले. माझी बोटं पेटीवर थबकली. रमशीला थांबली नाही. घागर सांभाळत त्याच तालात म्हणाली, "सीटी झन बजा भैया, नहर के जम्मो कुकुर आ जाही!" शिटी वाजवू नकोस, कालव्यावरची सगळी कुत्री जमतील. बायकांच्या बाजूला असा हशा उसळला की शिटीवाला उठून मागे गेला.

खेळ झाल्यावर मी तिला विचारलं, "राग नाही येत तुले?"

"आता है ना, दीदी," ती चेहऱ्यावरचा रंग तेलानं पुसत म्हणाली. "इसीलिए तो बोलती हूँ."

गेटपाशी

असे काही दिवस सुरळीत गेले. मग एका दुपारी कालवा वळला आणि मंगलभैयानं बांबू रोवून नाव थांबवली. समोर लोखंडी गेट होतं, खाली टाकलेलं. अशी गेटं आधीही लागली होती. तिथे गेट उघडं असायचं, गावातली माणसं मदतीला यायची, नाव काठावरून ओढून पलीकडे सोडायची. इथे ओढून उपयोग नव्हता. गेटच्या अलीकडे कालवा काठोकाठ भरलेला, आणि पलीकडे कोरडा ठाक. तळाच्या चिखलाला भेगा पडलेल्या. त्यात दोन शेळ्या चरत होत्या.

या गावाचं नाव मी लिहीत नाही. भांडण मिटलं आहे, ते कागदावर जागं कशाला ठेवायचं?

ताई उतरून काठावरच्या माणसांशी बोलायला गेली. त्यांनी काही लपवलं नाही. तलाव भरला होता, पण बऱ्याच जणांनी उन्हाळी धान लावला होता आणि तो ओंब्यांवर आला होता. गेट टाकून पाणी शेतांत वळवलं होतं.

"भैया, ए पानी तो तरिया बर आय ना?" ताईनं विचारलं. हे पाणी तर तलावांसाठी आहे ना?

"हव दीदी," चाळिशीचा एक शेतकरी म्हणाला. त्याच्या हाताला चिखल होता, आवाजात उद्धटपणा नव्हता. "फेर धान घलो तो जीव आय." धानही जीवच आहे.

ताई परत आली आणि म्हणाली, "आज खेळ इथंच."

"इथं?" मी म्हणाले. "खालच्या गावाचं पाणी अडवलं यांनी, अन् आपण यांच्यापुढं नाचायचं?"

"मंग काय करावं आपण? गेटाले डोकं आपटायचं?"

सरपंच म्हणजे एक जाडसर, घामाघूम बाई. तिनंही आग्रह केला की आलाच आहात तर खेळ करा. आम्ही नाव गेटच्या अलीकडेच, समोरच्या काठाला बांधली. ऊन कलायला लागलं तशी माणसं उतारावर जमू लागली.

तेवढ्यात फागूनं बोट दाखवलं. कोरड्या कालव्याच्या तळातून माणसं येत होती. काही पायी, काही सायकली हातात धरून. त्यांच्या पायांनी धूळ उडत होती. जिथून आम्ही नावेनं जाणार होतो तिथून ती चालत येत होती. टेलच्या गावची माणसं, पाणी मागायला आलेली. सगळी गेटवरच्या अरुंद पुलावर चढून उभी राहिली. कोणी हुज्जत घातली नाही, पण काहींच्या हातांत काठ्या होत्या आणि उतारावर बसलेले काही जणही उठून उभे राहिले.

सरपंचबाई दोन्हीकडे हात करून म्हणाली, "पहिली गम्मत देखव. फेर गोठियाबो." आधी खेळ बघा, मग बोलू. मला वाटतं तिला स्वतःलाही काय बोलावं हे अजून सुचलं नव्हतं.

ताडपत्रीमागे रमशीला आरशात बघत कपाळावर टिकल्या लावत होती. तिचा हात थांबला.

"दीदी. ददा." ददा म्हणजे वडील.

"कोणते?"

"पुल पर. सफेद गमछा."

एक सडपातळ म्हातारा कठड्याला टेकून उभा होता, एक पाय जरा वाकवून. गावानं त्याला बोलायला आणलं असणार. ज्याची जीभ चालते त्यालाच अशा कामाला पुढे करतात. त्याची नजर नावेवर होती. कोणाची मंडळी आहे हे त्याला कळलं होतं की नाही, सांगता येत नव्हतं.

"मैं आज नहीं करूँगी," रमशीला म्हणाली.

ताईनं तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता समजूत घालेल. ती म्हणाली, "नको करू. फागू साडी नेसते. त्याले येते."

फागूनं खरंच साडीला हात घातला. बाहेर मंगलभैयानं ढोलकावर थाप मारली, लोक शांत झाले. रमशीला उठली, फागूच्या हातातली साडी काढून घेतली, घुंगरू बांधले आणि घागर उचलली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दीदी, थोड़ा धीरे बजाना. मुझे सोचना पड़ेगा."

नेहमीच्या गम्मतीत ती पाण्याला निघालेली सून असते आणि फागू तिची खाष्ट सासू. तिनं नेहमीसारखी सुरुवात केली. नाचत नावेच्या टोकाला आली, घागर उतरवली, भरलेल्या कालव्याकडे बघितलं. मग वळून गेटपलीकडच्या कोरड्या कालव्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. पुढचं वाक्य वेगळं होतं.

"ए दीदी मन," ती उतारावरच्या बायकांना म्हणाली, "हमर गाँव के पानी तुम्हर इहाँ पहुना आय हे का?" आमच्या गावचं पाणी तुमच्याकडे पाहुणं आलंय का?

थोडी खसखस पिकली.

"बने खवाव-पियाव. फेर पहुना ला कतेक दिन रखहू? अब बिदा करव!" खाऊपिऊ घाला, पण पाहुण्याला किती दिवस ठेवाल? आता पाठवणी करा.

आता बायका मोकळेपणानं हसल्या. लेकीची पाठवणी ज्या शब्दानं करतात तोच शब्द तिनं वापरला होता. पुरुषांच्या बाजूनं एक जण ओरडला, "नाटक कर, भासन झन दे!" भाषण देऊ नकोस. फागूनं सासू होऊन प्रवेश केला, पण पुढे काय करायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी एकाच सुरावर भाता ओढत राहिले. क्षणभर असं वाटलं की सगळं कोसळणार.

आणि तेव्हा पुलावरून एक आवाज आला. बारीक, तक्रारखोर, शेजारणीचा.

"झन माँग बहिनी, झन माँग! इँकर पेट अभी नइ भरे हे!" मागू नकोस गं, यांचं पोट अजून भरलं नाही.

सगळ्या माना वळल्या. बिसाहूनं गमछा डोक्यावरून पदरासारखा घेतला होता. कंबरेवर हात होता. तो सडपातळ म्हातारा कुठे गेला कळलं नाही. पुलावर एक बाई उभी होती. उतारावरच्या एका वयस्कर माणसानं मांडीवर थाप मारली. "अरे, ए तो बिसाहू परी आय!"

रमशीला दगडासारखी झाली होती. मग तिनं कंबरेवर हात ठेवला, अगदी त्याच्यासारखा, आणि वर बघून म्हणाली, "त मैं काय करँव, भउजी? गुंडी ला घर ले जाके का बतावँव?" मी काय करू, वहिनी? घरी नेऊन या घागरीला काय सांगू?

तो उतरला. गुडघा धरत, पुलाच्या पायऱ्यांवरून, आणि प्रत्येक पायरीला त्या शेजारणीच्याच आवाजात कण्हत, त्यामुळे खरं दुखणं कुठे संपतं आणि नाटक कुठे सुरू होतं हे कोणाला कळेना. मंगलभैयानं हात देऊन त्याला नावेत घेतलं. मग बापलेकींनी मिळून दोन शेजारणी उभ्या केल्या. एकमेकींच्या डोक्यावर रिकाम्या घागरी चढवल्या. भांडल्या. आळीपाळीनं घागरीत डोकावल्या. शेवटी बिसाहूनं घागर उलटी केली, तळहात खाली धरला आणि थेंबाची वाट बघत राहिला. मी भाता ओढणं थांबवलं. मंगलभैयाचा हातही ढोलकावर नुसता पडून होता. पाठीमागे काठोकाठ भरलेला कालवा गेटावर हलके हलके आपटत होता, तेवढाच आवाज.

हसणं हळूहळू विरलं. बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली आणि पुरुषांकडे वळून म्हणाली, "खोल दव रे. अब तो लाज लागत हे." उघडा रे आता. लाज वाटते.

लगेच गेट उघडलं असं मात्र झालं नाही. चिखलाच्या हातांचा तो शेतकरी तावातावानं बोलला की लाजेनं ओंबी भरत नाही. दोन्ही गावांची माणसं उतारावर गोल करून बसली, आवाज चढले, उतरले, पुन्हा चढले. सरपंचबाईनं शेवटी निवाडा दिला: सकाळी गेट अर्धं उचलायचं, शेतांकडे पाणी नेणारी चारी अर्धी बुजवायची, खालचा तलाव भरला की उरलेलं पाणी पुन्हा धानाला. कोणीच पूर्ण खूश नव्हतं. तो शेतकरी आमच्याशी नंतर बोलला नाही, आणि मला त्याचा रागही आला नाही.

टेल

सकाळी गेटच्या चौकीदारानं दांडा फिरवून गेट अर्धं वर केलं. पाणी आधी दबकत, मग धावत भेगाळलेल्या तळावर पसरलं. आम्ही नाव काठावरून ओढून पलीकडे सोडली. पाणी जेमतेम गुडघाभर. तळ घासत, मधूनमधून उतरून ढकलत आम्ही निघालो. टेलची माणसं काठानं चालत होती. बिसाहूचे गुडघे सुजले होते म्हणून ताईनं त्याला नावेत बसवलं.

तो पुढच्या टोकाला, रमशीला मागच्या टोकाला. मध्ये मी आणि माझी पेटी. ताईनं वाडग्यात बासी दिली, ती त्यानं खाल्ली. मग तो माझ्याकडे बघत बोलायला लागला, पण बोलणं माझ्यासाठी नव्हतं.

"मैं रात भर सुनँव, दीदी. मनखे मन का-का नइ कहिन. फेर बिहनिया लुगरा उतार के मरद हो जावँव. सब ओ लुगरा संग उतर जावय." तो थांबला. "एहा का उतारही?"

लोक काय काय बोलायचे ते मी रात्रभर ऐकायचो, पण सकाळी साडी उतरवली की पुरुष व्हायचो. सगळं त्या साडीबरोबर उतरून जायचं. ही काय उतरवणार?

आमच्या घराण्यात गाणारे-वाजवणारे पुष्कळ झाले, मुलींना कोणी अडवलं नाही. पण मुलींनी रात्री दूरच्या गावी कार्यक्रमाला जायचं म्हटलं की माझे वडीलही असेच गप्प व्हायचे. त्या गप्प होण्यामागे काय होतं, ते मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

मागून रमशीला म्हणाली, "मैं नइ उतारँव, ददा. मैं सुनथँव, अउ पलट के बोलथँव." मी उतरवत नाही. ऐकते, आणि उलटून बोलते.

बिसाहूनं मान वळवली नाही. पण त्याच्या तोंडाचा कोपरा हलला. तो म्हणाला, "हव. काली सुनेंव." हो, काल ऐकलं.

पुढे गाव दिसायला लागलं तेव्हा मला आयुष्यात प्रथमच पाण्याला चालताना बघायला मिळालं. आमच्या थोडंसं पुढे पाण्याचं टोक होतं. फेस, सुकी पानं, मोहाची फुलं, बुडबुडे पुढे ढकलत ते कोरड्या मातीवरून सरकत होतं, भेगेत शिरत होतं, भेग भरली की पुढे. काठावरून सगळं गाव त्याच्याबरोबर चालत होतं. एक बाई खाली उतरून त्याच्यापुढे अनवाणी उभी राहिली आणि पावलं भिजेपर्यंत हलली नाही. नाटकवाल्यांकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि ते योग्यच होतं. तलावाच्या तोंडाशी पाणी पोचलं, तेव्हा बायकांनी हळद-कुंकू वाहिलं, गुरं सरळ आत घुसली, आणि आमची नाव चिखलात रुतून तिरकी बसली.

ती तशीच राहिली. संध्याकाळी तिरक्या फळ्यांवरच खेळ केला. माझी पेटी सारखी घसरत होती, म्हणून फागूनं तिला दोरीनं माझ्या कंबरेला बांधलं. गाव उतारावर बसलं, पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. आदल्या दिवशीची बातमी आधीच पोचली होती, त्यामुळे ढोलक सुरू होताच ओरडा सुरू झाला, "बिसाहू कका! तहूँ चढ़! तहूँ नाच!" तूही चढ, तूही नाच.

बिसाहू पुरुषांत अगदी पुढे मांडी घालून बसला होता. त्यानं हात हलवून सगळ्यांना गप्प केलं.

"नहीं," तो म्हणाला. "मोर बेटी नाचही. मैं देखे बर बइठे हँव." माझी मुलगी नाचेल. मी बघायला बसलोय.

रमशीला ताडपत्रीमागून घागर घेऊन बाहेर आली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग मागे वळून बायकांच्या घोळक्यात, अगदी शेवटी, पदर ओढून बसलेल्या आपल्या बायकोला हाक मारली.

"ए, आगू आ ना! इहाँ ले बने दिखथे."

पुढे ये. इथून चांगलं दिसतं.

ती संकोचत उठली, साऱ्या गावादेखत पुरुषांच्या रांगेत आली आणि त्याच्याशेजारी बसली. मी डोळे मिटले आणि सूर धरला.